अठ्ठावीस दिवसांचं माहेर

आमच्या फ्रीजवर दोन कॅलेंडरं लावलेली आहेत. एक कालनिर्णय. ते दरवर्षी सांगलीहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून इथे मेलबर्नला पोचतं. दुसरं नवऱ्यानं एक्सेलमध्ये करून छापलंय. त्यात मी ऑस्ट्रेलियाबाहेर होते ते दिवस नारिंगी रंगवलेत. भाचीचं लग्न ठरलं आणि ही दोन्ही कॅलेंडरं एकमेकांशी जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गुरुजींना पत्रिका जुळवताना इतका घाम फुटला नसेल.

मला इथली अपंगत्वाची पेन्शन मिळते. पूर्ण नाव डिसेबिलिटी सपोर्ट पेन्शन. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. डाव्या पायात ताकद नाही, बोटांना मुंग्या, आणि थकवा असा की सकाळी भाजी चिरून ठेवली की फोडणी दुपारनंतरच. ऊन लागलं, नुसती गरम पाण्यानं आंघोळ झाली, तरी नजर अंधुक होते. हिशेबाच्या खात्यात नोकरी होती. आधी तास कमी झाले, मग ती सुटलीच. पेन्शनचा अर्ज केला तेव्हा कळलं की आजार किती मोठा हे इथे गुणांवर ठरतं. त्यासाठी तक्ते आहेत आणि किमान वीस गुण लागतात. शिवाय पुढची दोन वर्षं आठवड्याला पंधरा तास काम करणं जमणार नाही, हे दाखवावं लागतं. शाळेत वीस गुण कमी पडले म्हणून रडले होते. इथे वीस मिळाले, आणि हसावं की रडावं ते कळेना. एरवी या पेन्शनला दहा वर्षांच्या वास्तव्याची अट असते. माझा आजार इथे राहायला आल्यावरच सुरू झाला, म्हणून ती आड आली नाही.

तर पेन्शन सुरू झाली आणि त्या वर्षी गणपतीला मी पंधरा दिवस सांगलीला जाऊन आले. परत आल्यावर पत्रांची फाईल लावत होते, त्यात परदेश प्रवासाचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. बारा महिन्यांत अठ्ठावीस दिवस. त्याहून जास्त दिवस देशाबाहेर राहिलात तर पेन्शन थांबते.

आधी वाटलं, एका फेरीला अठ्ठावीस दिवस. मग वाटलं, जानेवारी ते डिसेंबर असे वर्षाला अठ्ठावीस. दोन्ही चूक निघालं. हे बारा महिने सरकते आहेत. ज्या दिवसाची पेन्शन ठरवायची, त्या दिवसापासून मागे एक वर्ष बघायचं आणि त्यात बाहेरचे दिवस किती ते मोजायचे. एक जानेवारीला पाटी कोरी होत नाही. गेल्या सप्टेंबरचे दिवस पुढचा सप्टेंबर येईपर्यंत मानगुटीवर बसलेले असतात, आणि मग एकेक करून उतरतात.

मला हे समजावलं सेंटरलिंकच्या, म्हणजे पेन्शन देणाऱ्या कचेरीतल्या, काउंटरवरच्या एका बाईंनी. मी दोनदा विचारलं, दोनदा मान हलवली, आणि माझा चेहरा बघून त्या ओळखून चुकल्या की हिला काही कळलेलं नाही. त्यांनी प्रिंटरमधला रद्दी कागद उलटा केला, पट्टीनं एक रेघ ओढली, तिच्यावर बारा खुणा केल्या. मग एक जाड कागद कापून त्या बारा खुणांएवढी पट्टी केली आणि रेघेवरून हळूहळू उजवीकडे सरकवू लागल्या. "पट्टीखाली जेवढं झाकलंय तेवढंच मोजायचं. डावीकडून जे बाहेर पडलं ते विसरायचं." माझे गणपतीचे दिवस त्यांनी पेनानं गिरवले होते. पट्टी पुढे गेली तसे ते बाहेर डोकावू लागले. एवढ्या सरकारी भाषेपुढे ती जाड कागदाची पट्टी मला देवासारखी भेटली. ती पर्समध्ये घालून घरी आणली. नवऱ्याचं एक्सेल तिच्यावरूनच बनलं.

आता प्रश्न लग्नाचा. दादा म्हणत होता वैशाखात उरकू. वैशाख म्हणजे सांगलीचं ऊन चाळिशीला टेकलेलं, आणि माझ्या पट्टीखाली गणपतीचे दिवस अजून झाकलेले. म्हणजे हातात दोन आठवड्यांनाही एक दिवस कमी. लग्नाच्या घरात तेवढे दिवस म्हणजे काय? केळवणं, मेंदी, हळद, लग्न, पूजा, गोंधळ, पाचपरतावण. त्यात विमानातून उतरल्यावर पहिले काही दिवस मी नुसती आडवी असते, ते वेगळेच. लग्नाला पोचायचं आणि हळदीला झोपायचं, असली आत्या काय कामाची?

कालनिर्णय उघडलं. वैशाख, ज्येष्ठ गेला की आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो. मग मुहूर्त नाहीत ते थेट तुळशीच्या लग्नानंतर. आणि माझे गणपतीचे दिवस सप्टेंबरमध्ये उतरणार! म्हणजे तुळशीचं लग्न लागेल तेव्हा मी अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दिवसांची मालकीण. पण आत्याची पेन्शन सरकते म्हणून कुणी लग्नाची तारीख सरकवत नाही, आणि सरकवूही नये. मी दादाला एक शब्द बोलले नाही. मुलाकडच्यांनीच कळवलं की मुलाला रजा डिसेंबरात आहे. माझ्या जिवावरचं ओझं व्याह्यांनी उतरवलं, आणि त्यांना त्याचा पत्ताही नाही.

हा अठ्ठावीसचा आकडा आला कुठून, याचा छडा लावायची मग खोडच लागली. इथल्या कायद्याप्रमाणे नोकरदाराला वर्षाला चार आठवड्यांची पगारी रजा असते. अठ्ठावीस दिवस म्हणजे तेच चार आठवडे. नोकरी करता येत नाही म्हणून पेन्शन दिली, आणि रजा मात्र नोकरदाराएवढीच मोजून दिली! पण ही मर्यादा जुनी नाही. २००० सालापासून सव्वीस आठवडे बाहेर राहता येत होतं. २००४ मध्ये त्याचे तेरा झाले, २०१३ मध्ये सहा, आणि १ जानेवारी २०१५ पासून चार. शेवटची कात्री २०१४ च्या अर्थसंकल्पात चालली. ॲबट पंतप्रधान आणि हॉकी अर्थमंत्री होते तेव्हाची ही गोष्ट. दर खेपेला तर्क साधारण एकच: ही पेन्शन इथे राहणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांना थोडंफार काम जमू शकेल त्यांनी इथे राहून ते शोधावं.

हा तर्क अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पीएफसारखं जे असतं, त्यात आपण भरलेले पैसे आपल्याला परत मिळतात. इथली पेन्शन तशी नाही. कुणी आयुष्यभर हप्ते भरलेले नसतात, ती चालू करातून येते. उद्या माझ्या शेजारचा ट्रकवाला म्हणाला, "माझ्या कराचे पैसे सांगलीत का खर्च व्हावेत?" तर मी त्याला तोंडावर काही बोलू शकणार नाही. फक्त एवढंच विचारीन की मी सांगलीत असताना माझ्या घराचं भाडं, विजेचं बिल, गाडीचा विमा हे सगळं कुठे खर्च होतं?

शेजारी म्हटलं तर उजव्या हाताला एक ग्रीक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या. दरवर्षी मेमध्ये घराला कुलूप लावून गावी जातात आणि इथला हिवाळा संपला की परततात. मी त्यांना विचारलं, तुमचे अठ्ठावीस दिवस कसे पुरतात? त्या हसल्या. त्यांची पेन्शन वयाची. तिला अशी मुदत नाही. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलं तर कामाच्या वयातली किती वर्षं ऑस्ट्रेलियात काढली ते बघतात, आणि पस्तीस वर्षं भरली असली की त्यापायी कपात होत नाही. आजींची कधीच भरली आहेत. म्हणजे सदुसष्टी गाठली की मी वर्षभर माहेरी राहू शकेन. तोवर पाय साथ देतील का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही.

त्यांनीच मग जुन्या गोष्टी काढल्या. १९७३ च्या आधी पेन्शन घेऊन देशाबाहेर कायमचं जाताच येत नसे. चाळीस वर्षं कारखान्यात खपलेल्या माणसाला म्हातारपणी गावी परतायचं तर पेन्शनवर पाणी सोडावं लागे. व्हिटलम सरकारनं ते बदललं. आणि पाचच वर्षांनी, १९७८ मध्ये, सिडनीतल्या ग्रीक घरांवर पहाटे पोलिसांच्या धाडी पडल्या. आरोप असा की हे लोक डॉक्टरांना हाताशी धरून खोटी आजारपणाची पेन्शन घेतात. दीडशेच्या वर माणसांवर खटले भरले, शेकडोंची पेन्शन तोडली. वर्षानुवर्षं चालून तो सगळा खटला ढासळला. रोमा मिचेल यांच्या चौकशी आयोगानंतर सरकारला भरपाई द्यावी लागली. आजी म्हणाल्या, "आमच्यातला माणूस लंगडत बसमध्ये चढला तरी लोक बघायचे, खरंच लंगडतोय का." सांगताना त्यांचा सूर रागाचा नव्हता. जुनं दुखणं सांगावं तसा होता.

तसं पाहिलं तर आपल्या लोकांना या पेन्शनच्या दारातच उभं केलेलं नव्हतं. १९०८ च्या मूळ कायद्यात आशियाई माणसं, इथे जन्मलेली सोडून, बाहेर ठेवलेली होती. ब्रिटिश इंडियातल्या लोकांना ती मिळायला १९२६ उजाडलं. त्याआधी चार वर्षं श्रीनिवास शास्त्री इथे येऊन भारतीयांच्या हक्कांसाठी भाषणं करून गेले होते. गोखल्यांचा हा शिष्य, भारत सेवक समाजाचा. पुण्यात त्या संस्थेवरून कितीदा गेले असेन, पण माझ्या पेन्शनच्या गोष्टीत तिचा माणूस भेटेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

हे सगळं वाचून नवऱ्याला एकच प्रश्न पडला: यातून पळवाट कोणती? तो वृत्तीनं वकील, पोटासाठी सॉफ्टवेअरवाला. पहिली वाट करारांची. ऑस्ट्रेलियाचे बऱ्याच देशांशी पेन्शनचे करार आहेत, भारताशीही आहे, २०१६ पासून लागू. वाचून आम्ही दोघं खुर्चीतून उठलोच. पण तो वयाच्या पेन्शनचा, माझ्या पेन्शनला त्याचा उपयोग नाही. बसलो परत. दुसरी वाट मुदतवाढीची. बाहेर असताना स्वतःला अपघात झाला, घरातलं कुणी गंभीर आजारी पडलं, कुणी गेलं, भूकंप, युद्ध, दरोडा, अशा कारणांनी परतता आलं नाही तर दिवस वाढवून मिळू शकतात. २०२१ च्या एप्रिलअखेरीला, कोविडच्या लाटेत, ऑस्ट्रेलियानंच भारतातून येणारी विमानं बंद केली होती आणि परतणं हाच गुन्हा ठरवला होता, तसल्या काळासाठीची ही सोय. पण यात मेख अशी की ती आपत्ती तुम्ही निघाल्यानंतर यायला हवी. माझ्या आईचं खुब्याचं हाड गणपतीनंतर मोडलं. ती आता वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंत जाते. तिचं दुखणं आधीचं, कागदोपत्री ठाऊक असलेलं. त्यावर वाढीव दिवस मागता येणार नाहीत.

तिसरी वाट ऐकून मात्र मी गप्प झाले. कितीही दिवस बाहेर राहायची परवानगी मिळते, पण कुणाला? मरणाच्या दारात असलेल्या माणसाला, शेवटचे दिवस आपल्या लोकांत काढायला. किंवा ज्याचं अपंगत्व इतकं तीव्र आणि कायमचं आहे की पुढची पाच वर्षं तरी त्याला आठवड्याला दोन तासांचंही काम जमणार नाही. त्यासाठी पुन्हा तपासणी, पुन्हा डॉक्टरांचे अहवाल. नवरा म्हणाला, करू अर्ज. वाईट दिवशी तू पेलाही उचलू शकत नाहीस, हे खोटं आहे का?

खोटं नाही. पण चांगला दिवसही असतो. रविवारच्या मराठी शाळेचे हिशेब मी बघते. पलंगावर पाय पसरून, लॅपटॉप मांडीवर, मध्ये दोनदा डोळा लावून, पण आठवड्याला दोन तास होतातच. शाळा मला पैसे देत नाही, चहा देते. त्या दोन तासांत मी पुन्हा ती जुनी हिशेबनीस असते, जिच्याकडे मोठमोठे साहेब "जरा बघता का" म्हणत फाईल घेऊन यायचे. आता माहेरी जास्त दिवस राहायचं तर हे जमत नाही असं लिहून द्यायचं, डॉक्टरांनी त्यावर सही करायची, आणि पुढे पाच वर्षं जमणारही नाही हे सिद्ध करायचं. सुधारायची जेवढी आशा जास्त, तेवढे माहेरचे दिवस कमी, असा हा हिशेब आहे. असा ताळेबंद मी आयुष्यात कधी मांडला नव्हता. फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे. तो भरायचा नाही असं मी ठरवलंय, आणि नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या चुलत-मावस भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हे दुःख मांडलं तर तिथे वेगळंच संमेलन भरलं. न्यू जर्सीच्या मावशीच्या मुलाला एसएसआय नावाची मदत मिळते. सलग तीस दिवस अमेरिकेबाहेर राहिला की ती बंद, आणि परतल्यावर पुन्हा सलग तीस दिवस तिथे काढल्याशिवाय चालू होत नाही. लेस्टरच्या काकूंची पीआयपी, म्हणजे तिथली अपंगत्वाची मदत, मात्र बाहेर गेल्यावरही तेरा आठवडे चालते, उपचारासाठी गेल्या असतील तर सव्वीस. "मग माझं ब्रिटनात लग्न लावायला हवं होतं," मी लिहिलं. नवऱ्यानं त्यावर अंगठा टाकला. आमच्या शेतावरच्या गड्याच्या मुलाला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. त्याला दादानं माझी हकिगत सांगितली. तो म्हणाला, आम्हाला फक्त हयातीचा दाखला द्यावा लागतो, ताईंना तिकडे रोज द्यावा लागतो का? खरं तर मला काहीच द्यावं लागत नाही. विमानतळावर पासपोर्ट दाखवला की माझं जाणं-येणं सेंटरलिंकला आपोआप कळतं.

शेवटी ठरलं ते असं. जायचं सहा आठवडे. पहिले चार पेन्शनचे, पुढचे दोन बिनपेन्शनचे. प्रवासाला बंदी नाही, बंदी पैशाला आहे, हे पट्टीवाल्या बाईंनीच समजावलं होतं. ठरल्याप्रमाणे परतलं की पेन्शन पुन्हा सुरू होते. फारच लांबलं तर ती कायमची बंद होते आणि वीस गुणांपासून सगळं पुन्हा, म्हणून सहाच्या पुढे एक दिवस नाही. औषधाचं ड्रिप सहा महिन्यांनी असतं, ते जायच्या आधी घ्यायचं. दोन आठवड्यांची खोट किती ते दादानं बरोब्बर विचारलं, रुपयांत करून घेतलं आणि म्हणाला, भाऊबीजेची ओवाळणी समज. मी नको म्हणाले. मग वहिनी फोनवर आल्या: "वन्सं, गेल्या सहा वर्षांची भाऊबीज राहिलीय. व्याज नका लावू, पण मुद्दल तरी घ्या." हिशेबातल्या माणसाला याहून चोख उत्तर देता येत नाही. घेतले.

एकच गोष्ट मला एक्सेलमध्ये बसवता आली नाही. त्या सहा आठवड्यांनंतर माझी पट्टी काठोकाठ भरलेली असेल. पुढच्या डिसेंबरपर्यंत एकही दिवस शिल्लक नाही. मधल्या काळात आईचं काही बरंवाईट झालं तर मी निघेनच, पण ज्या दिवशी निघेन त्या दिवसापासून पेन्शन बंद पडू शकते. किती दिवस राहायचं ते तेव्हा पैसे ठरवणार. हे आईला सांगायचं नव्हतं. दादा बोलून गेला.

आईनं सगळं ऐकून घेतलं. बारा महिने कसे सरकतात हे तिला माझ्यापेक्षा लवकर समजलं. तिनं आयुष्यभर एकादश्या आणि अधिक महिने सांभाळलेत. मग म्हणाली, "बरं, म्हणजे पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत मला थांबायला हवं. थांबते. तू येताना त्या वॉकरची रबरं घेऊन ये, इथली महिन्यात झिजतात."